घरच्या रीफ टाकीतील समुद्रफूल: आपल्या हवामानात ॲनिमोन सांभाळण्याची सविस्तर पद्धत

समुद्रफूल, म्हणजेच सी ॲनिमोन, हा माणसाइतके आयुष्य काढू शकणारा प्राणी आहे. स्कॉटिश निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत, हाताने बदललेल्या समुद्राच्या पाण्यावर, १८८७ पर्यंत जगला. डॅलिएल १८५१ मध्ये वारले, त्यानंतरही त्याने तीन तपे काढली. ती जात थंड पाण्यातली आणि प्रकाशाची गरज नसलेली होती, त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या, प्रकाशावर जगणाऱ्या ॲनिमोनला तिचा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. ॲनिमोनला महागडी उपकरणे हवी असतात ती केवळ भोवतालची परिस्थिती बदलू नये म्हणून. ज्या टाकीत तापमान, क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) आणि प्रकाश दिवसेंदिवस तसेच राहतात, तिथे तो टिकतो, आणि जिथे ते रोज थोडे थोडे हलतात, तिथे सगळे आकडे कागदावर बरोबर असूनही तो झिजत जातो.

या विषयावरची बहुतेक मार्गदर्शने थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांत हीटरची चर्चा पानोपानी असते. मुंबई, पुणे, नागपूर किंवा गोव्यातल्या घरात अडचण नेमकी उलटी आहे. इथे ॲनिमोन मरतो तो उन्हाळ्याने, वीज गेल्याने, टँकरच्या पाण्याने आणि कधी कधी स्वयंपाकघरातल्या जलशुद्धीकरण यंत्राने. म्हणून पुढील विवेचनात या बाबींना जास्त जागा दिली आहे.

प्राण्याची घडण

ॲनिमोनला हाडे नाहीत, कवच नाही, मेंदू नाही. पाण्याने फुगवलेली एक पिशवी, खाली खडकाला धरून ठेवणारी चिकट चकती, वर संस्पर्शकांचे (बोटांसारख्या लवचिक सोंडांचे) वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एकच तोंड, ज्यातून अन्न आत जाते आणि मलही बाहेर येतो, एवढीच त्याची रचना आहे. संस्पर्शकांवरच्या दंशकोशिका स्पर्श होताच सूक्ष्म विषारी तंतू सोडतात. क्लाउनफिश या माशाला आसरा देणाऱ्या जातींच्या ऊतींमध्ये झूक्सँथेली नावाची सहजीवी शैवले राहतात, प्रकाशसंश्लेषण करतात आणि ॲनिमोनच्या ऊर्जेचा मोठा भाग पुरवतात. ॲनिमोनचा तपकिरी, हिरवट-तपकिरी रंग मुख्यतः या शैवलांचा असतो. पाणी फार तापले किंवा प्रकाशात अचानक मोठा बदल झाला, की हे सहजीवन तुटते, शैवले बाहेर टाकली जातात आणि प्राणी पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे जे विरंजन झाले, त्याचेच हे घरगुती रूप आहे. पांढरा पडलेला ॲनिमोन लगेच मरत नाही, पण त्याची शिदोरी संपत आलेली असते.

जात कोणती घ्यावी

पहिला ॲनिमोन बबल टिप, म्हणजे एन्टाक्मीआ क्वाड्रिकलर, हाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो तीस सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, मध्यम प्रकाशात राहतो आणि टाकीतच स्वतःचे दोन भाग करून वाढतो. त्यामुळे समुद्रातून न काढलेली, दुसऱ्या हौशी पालकाच्या टाकीत वाढलेली पिल्ले मिळू शकतात. अशी पिल्ले टाकीच्या पाण्याला आणि कृत्रिम दिव्यांना आधीच सरावलेली असतात, आणि समुद्रातून आणलेल्या प्राण्याने प्रवासात जे सोसलेले असते ते यांच्या वाट्याला आलेले नसते. संस्पर्शकांच्या टोकांवरचे फुगे कधी येतात, कधी नाहीसे होतात. केवळ फुगे गेले म्हणून घाबरून जाऊ नये.

हेटेरॅक्टिस मॅग्निफिका हा देखणा, जांभळ्या किंवा किरमिजी अंगाचा ॲनिमोन निसर्गात एक मीटरपर्यंत पसरतो. त्याला प्रखर प्रकाश आणि जोरदार प्रवाह लागतो आणि जागा पसंत न पडल्यास तो टाकीभर भटकतो. स्टिकोडॅक्टिला जायजँटिया हा कार्पेट ॲनिमोन तितकाच हट्टी आहे. स्टिकोडॅक्टिला हॅडोनी तुलनेने काटक आहे, पण त्याला वाळूचा जाड थर लागतो आणि वाट चुकलेला मासा तो सहज गिळतो. सेबी या नावाने विकला जाणारा हेटेरॅक्टिस क्रिस्पा दुकानात अनेकदा पांढराशुभ्र किंवा भडक पिवळा दिसतो. पांढरा म्हणजे शैवले गमावलेला आणि लिंबासारखा भडक पिवळा म्हणजे बहुतेक वेळा रंगात बुडवलेला. दोन्ही घेऊ नयेत.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर किंवा मालवणच्या खडकांत ओहोटीला दिसणारे ॲनिमोन उचलून घरी आणण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. त्यांचे जीवन भरती-ओहोटीशी आणि गढूळ, अन्नाने भरलेल्या पाण्याशी बांधलेले असते, आणि रीफ टाकीच्या (प्रवाळांसाठीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) स्वच्छ पाण्यात त्यांची उपासमार होते.

टाकी, दगड आणि कायदा

एका बबल टिपसाठी दीडशे ते दोनशे लिटरची टाकी पुरते. मॅग्निफिका आणि कार्पेट जातींसाठी चारशे लिटरच्या खाली विचार करू नये. लहान टाकी स्वस्त पडते हा हिशेब फसवा आहे, कारण पाणी जितके कमी, तितक्या लवकर ते तापते आणि तितक्या लवकर त्याची क्षारता चढते.

टाकीचे वय हा कदाचित सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतात, आणि चाचणीत दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार झाली असे नवखा पालक समजतो. माशांसाठी ती तयार झालेली असते, ॲनिमोनसाठी नाही. दगडांवरची सूक्ष्मजीवसृष्टी बसायला, शैवलांचे एकामागून एक येणारे उद्रेक ओसरायला आणि पालकालाही आपल्या टाकीचा दैनंदिन चढउतार कळायला सहा महिने तरी लागतात. वर्षभर थांबणे त्याहून चांगले.

दगड निवडताना कायदा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून आपल्याकडील सर्व भित्तिका बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे संरक्षित आहेत. समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळयुक्त दगड कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून बनवलेले सच्छिद्र कृत्रिम दगड जीवाणूंना तेवढेच चांगले घर देतात, फक्त त्यांना मुरायला जास्त वेळ लागतो. रचना करताना दगडांत मुठीएवढ्या खोल फटी ठेवाव्यात, कारण बबल टिप आपले बूड अंधारात आणि संस्पर्शक उजेडात ठेवतो. अशी फट नसेल तर तो ती शोधत फिरतो.

पाणी: नळापासून टाकीपर्यंत

ॲनिमोनसाठी पाणी नेहमी आरओ-डीआय यंत्रातून (आरओ पडदा आणि क्षार शोषणारे रेझिन यांतून पाणी गाळणाऱ्या यंत्रातून) काढलेले, म्हणजे टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य दाखवणारे असावे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांमध्ये येणाऱ्या टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याचा टीडीएस पाचशेच्याही पुढे जाऊ शकतो. असे पाणी यंत्रात गेले की डीआय रेझिन भराभर संपते आणि पालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मार्च ते जून या काळात प्रत्येक वेळी पाणी भरताना बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजावा.

स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्राचे पाणी वापरता येईल का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा पालक विचारतो. उत्तर नाही असे आहे. या यंत्रांत चवीसाठी खनिजे परत मिसळली जातात किंवा टीडीएस नियंत्रकाद्वारे थोडे कच्चे पाणी सोडले जाते. त्याहून गंभीर बाब अशी, की हल्ली आरोग्यदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत तांब्याचे काडतूस असते. माणसाला लाभदायक म्हणून सांगितले जाणारे तांबे अपृष्ठवंशी सागरी प्राण्यांना अगदी अल्प प्रमाणातही घातक ठरते. याच कारणाने तांब्याचा हंडा, पितळेची तोटी, पितळी जोड आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची तांबेयुक्त औषधे ॲनिमोनच्या पाण्यापासून दूर ठेवावीत. ज्या टाकीत पूर्वी असे औषध वापरले गेले आहे, तिच्यातले दगड आणि वाळू ॲनिमोनच्या टाकीत वापरू नयेत, कारण त्यांत मुरलेले तांबे पुढे हळूहळू सुटत राहते.

मीठ रीफसाठी बनवलेलेच घ्यावे. लिटरमागे साधारण पस्तीस ते चाळीस ग्रॅम मीठ लागते. ते पाण्यात टाकून छोट्या पंपाने ढवळत ठेवावे, टाकीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मगच मोजावे. क्षारता दर हजार भागांत ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ असावे. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे उपकरण) साध्या पाण्यावर शून्याला लावण्यापेक्षा ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावावा, म्हणजे ज्या ठिकाणी वाचन हवे आहे नेमके तिथेच ते अचूक येते. समुद्राचे पाणी आणून वापरण्याची कल्पना शहरी किनाऱ्यांवर सांडपाण्यामुळे आणि पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे निकामी ठरते.

बाकीचे आकडे थोडक्यात: पीएच ८.० ते ८.४, क्षारकता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, क्षारतेहून वेगळी) ८ ते १० डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि अमोनिया व नायट्राइट शून्य. ॲनिमोनला सांगाडा नसल्यामुळे कॅल्शियमची त्याला प्रवाळांइतकी गरज नसते. नायट्रेट पूर्ण शून्यावर नेण्याचा अट्टहासही करू नये, कारण सहजीवी शैवलांनाही थोडे पोषण लागते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे आणि त्यात तापमान व क्षारता तंतोतंत जुळवणे, हे बाटलीबंद पूरक रसायनांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

बाष्पीभवनाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून पंख्याखाली रोज चार लिटर पाणी उडत असेल आणि तीन दिवस ते भरलेच नाही, तर ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाते. मग एकदम बारा लिटर गोडे पाणी ओतले तर ती तासाभरात खाली येते, आणि हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा वाईट असतो. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र, हे त्यामुळे चैनीचे उपकरण नाही. ते शक्य नसेल तर रोज सकाळ-संध्याकाळ खुणेपर्यंत आरओ-डीआय पाणी भरावे, कधीही खारे पाणी नव्हे.

उन्हाळा आणि वीज

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे आणि दिवसभरात त्यात एका अंशाहून जास्त फरक पडू नये. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात बंद घरातली हवा सहज ३३–३४ अंशांवर जाते, आणि दिवे व पंप यांची उष्णता त्यात भर घालते. २९ अंशांच्या वर पाणी अनेक दिवस राहिले की विरंजनाचा धोका सुरू होतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही वेगळी अडचण.

पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावून तापमान दोन ते चार अंश उतरवता येते, पण हा उपाय हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. नागपूरच्या मे महिन्यात तो उत्तम चालतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडाशी आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, तो जेमतेम एखादा अंश उतरवतो. किनाऱ्यालगतच्या घरात म्हणून चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणे किंवा खोली चोवीस तास वातानुकूलित ठेवणे, हे दोनच प्रामाणिक पर्याय आहेत, आणि ज्याला या खर्चाची तयारी नाही त्याने ॲनिमोन आणू नये असे मी सांगेन. चिलर बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातून काढलेली उष्णता भोवतालच्या हवेत सोडतो, आणि ती बाहेर जाऊ शकली नाही तर तोच स्वतःच्या उष्णतेशी झगडत राहतो.

वीज गेली की सर्वांत आधी प्राणवायू कमी होतो, तापमान नंतर वाढते. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप प्रत्येक टाकीला हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर एक डीसी वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंखा) आणि रिटर्न पंप (संप नावाच्या जोडटाकीतून पाणी परत मुख्य टाकीत चढवणारा) निर्धास्त चालतात, पण चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना पेलत नाही. उन्हाळ्यात खंड लांबला तर बाहेरून स्वच्छ धुतलेल्या, घट्ट बंद केलेल्या बर्फाच्या बाटल्या संपमध्ये एकेक करून सोडाव्यात आणि तापमान तासाला एक अंशापेक्षा वेगाने उतरू देऊ नये. कोकणात जूनमध्ये पहिल्या वादळी पावसाबरोबर वीज कित्येक तास जाते, त्यामुळे एअर पंपाची बॅटरी मेअखेरीस तपासून ठेवावी.

घरातल्या हवेतले पदार्थही पाण्यात उतरतात. एअर पंप आणि स्किमर (हवेच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारे यंत्र) खोलीतलीच हवा ओढतात. डास पळवणारी यंत्रे, कॉइल, झुरळांचे फवारे आणि अगरबत्तीचा दाट धूर टाकीच्या खोलीत टाळावा. पेस्ट कंट्रोल करावेच लागले तर टाकी झाकावी, स्किमरची हवा दुसऱ्या खोलीतून नळीने आणावी आणि पुढचे काही दिवस सक्रिय कोळसा चालू ठेवावा.

प्रकाश आणि प्रवाह

शोभेच्या निळ्या-पांढऱ्या एलईडी पट्टीवर ॲनिमोन जगत नाही, तो हळूहळू उपाशी मरतो. रीफसाठी बनवलेला दिवा घ्यावा आणि शक्य असल्यास पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारे उपकरण) एखाद्या अनुभवी पालकाकडून उसना आणून मोजमाप करावे. बबल टिपला १०० ते २०० पार पुरतो आणि सवयीने तो जास्तही सोसतो. मॅग्निफिका आणि जायजँटिया यांना २५० च्या वर लागतो. दिवे रोज आठ ते दहा तास, टायमरवर. देठ लांबवून वर ताणलेला ॲनिमोन उजेड मागत असतो, तर फटीत दडून बसलेला अनेकदा उजेडापासून किंवा थेट प्रवाहापासून पळत असतो.

प्रवाह असा हवा की संस्पर्शक सतत डुलत राहतील, पण एका बाजूला दाबून धरल्यासारखे वाटणार नाहीत. वेव्हमेकरच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज किंवा जाळीचे आवरण ॲनिमोन आणण्याच्या आधीच बसवावे. रात्री फिरता फिरता पंख्यात ओढला गेलेला ॲनिमोन स्वतः तर चिंधड्या होऊन मरतोच, शिवाय त्याच्या दंशकोशिका आणि सडणारे तुकडे पूर्ण टाकीला विषबाधा करू शकतात.

पारख, प्रवास आणि पहिला आठवडा

दुकानात घाईने बोट दाखवू नये. पाच मिनिटे तोंड पाहत उभे राहावे. निरोगी ॲनिमोनचे तोंड मिटलेले, ओठ आवळलेले असतात. तोंड सैल, आतली कातडी बाहेर लोंबणारी असेल तर तो कितीही रंगीत असला तरी सोडून द्यावा. मग दुकानदाराला कोळंबीचा एक कण टाकायला सांगावे. संस्पर्शक त्याला चिकटून तोंडाकडे वळले पाहिजेत. तिसरी तपासणी बुडाची. काचेला किंवा दगडाला घट्ट धरलेला ॲनिमोन चांगला, पण तो सोडवताना बूड फाटले तर त्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन काही दिवसांतच प्राणी जातो. दगडाला चिकटलेला असल्यास दगडासकट विकत घ्यावा. काचेला चिकटलेला असल्यास दुकानदाराने नखाने किंवा प्लास्टिकच्या गुळगुळीत कार्डाने एका कडेपासून हळूहळू सोडवावा. तो ओढू लागला तर त्याला थांबवावे, आणि न थांबल्यास रिकाम्या हाताने परत यावे.

घरी आल्यावर टाकीचे दिवे मंद करावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, नंतर प्राणी बादलीत घेऊन नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी पाऊण ते एक तास सोडावे आणि दोन्हीकडची क्षारता जुळल्याची खात्री रिफ्रॅक्टोमीटरने करावी. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

हातमोजे घालून ॲनिमोन निवडलेल्या फटीशी, बूड खाली करून ठेवावा आणि वेव्हमेकर अर्धा तास बंद करावेत. बूड धरेपर्यंत त्याच्याभोवती प्लास्टिकची जाळीदार टोपली पालथी घातली तर प्रवाहाने तो उडत नाही. हॅडोनीसाठी दहा सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर असावा आणि त्यात बोटाने खड्डा करून त्याला बसवावे. यानंतर त्याने जागा बदलली तर बदलू द्यावी. आपल्याला शोभिवंत वाटलेल्या जागी त्याला पुन्हा पुन्हा उचलून ठेवणे, हा ॲनिमोन मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. दिवे पहिल्या आठवड्यात निम्म्या तीव्रतेवर ठेवून पुढे दर तीन-चार दिवसांनी पाच-दहा टक्क्यांनी वाढवावेत. पहिले तीन-चार दिवस अन्न देऊ नये.

काहींना ॲनिमोनच्या दंशाने पुरळ येतो, कार्पेट जातींचा दंश अधिक तीव्र असतो. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

अन्न

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. परदेशी पालक गोठवलेल्या पाकिटांवर पैसे घालतात, आपल्याला कोळणीकडे ताजी कोळंबी, तिसऱ्या आणि जवळा मिळतो. कोळंबी सोलून, आरओ पाण्यात धुऊन, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून गोठवावी. मीठ, हळद, लिंबू काहीही लावलेले नसावे. सुकट किंवा खारवलेले मासे चालत नाहीत. एकच अन्न सतत न देता आलटून पालटून द्यावे.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, वितळवलेला एक तुकडा लांब चिमट्याने संस्पर्शकांना टेकवावा आणि लगेच सोडावा. भूक असलेल्या ॲनिमोनचे जवळचे चार-सहा संस्पर्शक आधी चिकटतात, मग त्या बाजूची सगळी कड आत दुमडते आणि तोंड अन्नाच्या दिशेने उचलले जाते. तुकडा दिसेनासा व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ साफसफाई करणारी कोळंबी आणि खेकडे आसपास फिरकू देऊ नयेत, कारण ते त्याच्या तोंडातून घास ओढून काढतात. दुसऱ्या दिवशी पांढरट, बुळबुळीत गोळा बाहेर आलेला दिसला तर तुकडा मोठा झाला असे समजावे आणि पुढच्या वेळी निम्मा द्यावा. तपकिरी दोरीसारखा मल मात्र नेहमीचाच.

पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनला जास्त जपावे लागते. त्याला दोन दिवसांआड अगदी बारीक तुकडे, मंद पण नियमित प्रकाश आणि पूर्ण शांतता द्यावी. रंग परत यायला कित्येक महिने लागतात.

क्लाउनफिश आणि इतर सोबती

ॲनिमोनला जगण्यासाठी क्लाउनफिश लागत नाही आणि टाकीत क्लाउनफिशला ॲनिमोन लागत नाही. दोघांची जोडी आपल्याला हवी असते. निसर्गात ओसेलारिस क्लाउनफिश मॅग्निफिका आणि कार्पेट जातींत राहतो, पण टाकीत बबल टिपही स्वीकारतो. मरून क्लाउनफिशचे नैसर्गिक घर बबल टिपच आहे, क्लार्की तर कोणत्याही यजमानाशी जुळवून घेतो. भारताच्या किनाऱ्यांवर आढळणारा सेबी क्लाउनफिश मात्र हॅडोनी पसंत करतो. ॲनिमोन आधी स्थिरावू द्यावा, काही आठवड्यांनी मासे सोडावेत. ॲनिमोनचा व्यास माशाच्या लांबीच्या तिप्पट तरी हवा, नाहीतर मासे दिवसभर अंग घासून त्याला उघडू देत नाहीत. मासे टाकीत प्रजनन केलेले घ्यावेत.

बटरफ्लाय फिश, ट्रिगर आणि पफर ॲनिमोन कुरतडतात. प्रवाळांपासून त्याला पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि तो चालत जाऊन त्यांना भाजेल ही शक्यता गृहीत धरूनच महागडे प्रवाळ घ्यावेत.

आजार ओळखणे

ॲनिमोन अधूनमधून आतले पाणी सोडून चिंबून जातो, विशेषतः मल टाकताना आणि रात्री. काही तासांनी तो पुन्हा फुगतो. याला आजार समजून पाण्यात औषधे ओतणे हे अनेक निरोगी ॲनिमोनच्या मृत्यूचे कारण आहे. चिंता करावी ती पुढील स्थितीत: दिवसांमागून दिवस रोज अनेकदा फुगणे-चिंबणे, तोंड उघडे राहणे, संस्पर्शक न चिकटणे, बूड सुटून टाकीत लोळणे. पहिले काम म्हणजे क्षारता, तापमान, अमोनिया आणि नायट्रेट मोजणे आणि मागच्या आठवड्यात टाकीत काय बदलले ते आठवणे. बहुधा उत्तर तिथेच सापडते. पंधरा-वीस टक्के पाणी बदलावे, कोळसा नवा घालावा आणि हात बाहेर ठेवावेत. समुद्रातून आणलेल्या मॅग्निफिका आणि कार्पेट ॲनिमोनना जंतुसंसर्ग होतो तेव्हा काही अनुभवी पालक वेगळ्या टाकीत प्रतिजैविक देतात. ते मत्स्यरोगांची जाण असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावे आणि मुख्य टाकीत कधीही करू नये, कारण तिथले उपयुक्त जीवाणूही त्याने मरतात.

मेलेला ॲनिमोन ओळखणे कठीण नाही. ऊती विरघळून दोऱ्यांसारख्या सुटू लागतात, अंगावर पांढरी बुरशीसारखी साय येते आणि क्षणभर पाण्याबाहेर काढल्यास कुजलेल्या अंड्यासारखी असह्य दुर्गंधी येते. अशा वेळी एक तासही वाट पाहू नये. हातावर प्लास्टिकची पिशवी उलटी घालून त्याला आत घ्यावे, पिशवी सुलटी करून बाहेर काढावे, लगेच तीस टक्के पाणी बदलावे आणि पुढचे दोन दिवस अमोनिया मोजत राहावे.

विभागणी झाल्यावर

सगळे जुळून आले की बबल टिप वर्ष-दोन वर्षांत उभा लांबट होऊ लागतो आणि एका रात्रीत मधोमध फाटून त्याचे दोन होतात. हे ताणामुळेही घडते, म्हणून पाणी तपासावे. सर्व आकडे जागेवर असतील आणि दोन्ही भाग धरून बसले असतील तर ती वाढ आहे. फाटलेली कड भरून येऊन नवे तोंड घट्ट व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर कुणालाही अन्न देऊ नये. महिन्या-दोन महिन्यांनी पिल्लू खायला लागले की ते दुसऱ्या पालकाला देता येते. देण्याआधी तीन दिवस उपाशी ठेवावे, शक्यतो छोट्या दगडासकट उचलावे, दुहेरी पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवावे. पुणे-मुंबईसारख्या अंतरासाठीही उन्हाळ्यात प्रवास पहाटेचा ठेवावा, आणि घेणाऱ्याची टाकी सहा महिन्यांपेक्षा कोवळी असेल तर पिल्लू तोवर आपल्याकडेच वाढवावे.